अर्ल वीव्हर की व्हायटी हर्झॉग: आधी कोणाचं करिअर बघू?

दोघंही अमेरिकन बेसबॉलचे मॅनेजर, म्हणजे टीमचे डावपेच ठरवणारे. आधी कोणाचं करिअर बघायचं, दोघांपैकी कोण निवडू विचारलंस ना, मग 'जीनियस' वगैरे बिरुदं सोड, कामच बघू.

खेळाडू म्हणून वीव्हर मेजर लीगपर्यंत (तिथल्या सर्वोच्च स्पर्धेपर्यंत) पोचलाच नाही, हर्झॉग 8 सीझन खेळला, पण तोही काही स्टार नव्हता.

डावपेचात मात्र दोन टोकं. वीव्हरला बंट (स्वतः आउट होऊन सहकाऱ्याला पुढच्या बेसवर न्यायला चेंडू हलकेच टेकवणं) आवडायचा नाही, आउट फुकट का घालवायचा, थांबा आणि तीन रनांचा होमरन मारा, म्हणजे दोघं बेसवर असताना चेंडू थेट मैदानाबाहेर. कुठला बॅटर कुठल्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) कसा खेळतो हे तो कार्डांवर लिहून ठेवायचा, तेही बेसबॉलमध्ये कॉम्प्युटर रुळण्याआधी! हर्झॉगच्या सेंट लुईस टीमचं मैदान मोठं, टर्फ कृत्रिम, म्हणून त्याने पळणारी पोरं जमवली. 1982 मध्ये फक्त 67 होमरन, 200 चोरलेले बेस (पिचर चेंडू टाकत असतानाच पळून पुढचा बेस गाठणं), आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, खिशात.

वर्ल्ड सिरीज दोघांची एकेकच, वीव्हरची 1970 ची, बाल्टिमोरकडून. मॅनेजर म्हणून जिंकलेले सामने वीव्हरचे 1480, हर्झॉगचे 1281.

स्वभाव? वीव्हर टोपी उलटी करून अंपायरच्या तोंडाशी भिडायचा, नव्वदहून जास्त वेळा बाहेर काढलाय त्याला, हे आपलं उगाच मनोरंजन.

आकडेमोड आवडत असेल तर वीव्हर घे, मैदान बघून टीम कशी बांधायची ते शिकायचं असेल तर हर्झॉग.