शाळेनंतरचा निसर्गवर्ग: शाळेतच, की थेट नदीकाठी?

अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात मुलांसाठी शाळेनंतरचा निसर्गवर्ग शोधताना आमच्यापुढे दोन पर्याय होते. एकात शिक्षक कवट्या, सापाची कात, बिया असं सामान घेऊन शाळेतच येतात. दुसऱ्यात मुलांना शहरातून जाणाऱ्या सॉल्ट नदीवर, रिओ सालाडो नावाच्या, पुन्हा झाडं लावून जगवलेल्या काठाच्या पट्ट्यात नेतात. मुलीला आम्ही दोन्हीकडे पाठवून पाहिलं.

शाळेतल्या वर्गाची सोय मोठी. ने-आण नाही. ऑगस्टमध्ये शाळा उघडते तेव्हा दुपारी चारला पारा चाळिशीला टेकलेला असतो, त्या दिवसांत एसीतली खोलीच बरी. शिकवतातही छान. घुबडाने ओकलेली, न पचलेल्या हाडा-केसांची गोळी फोडून मुलांनी उंदराची हाडं जुळवली. नदीवर हे क्वचितच जमेल.

मला खटकलं ते एकच, पण फार खटकलं. दर आठवड्याला विषय बदलतो. आज घुबड, पुढच्या वेळी विंचू, मग निवडुंग. ‘त्या बीचं पुढे काय झालं?’ असं मुलीने विचारलं तोवर बिया पेटीत परत गेलेल्या.

नदीवर तेच झाड पुन्हा भेटतं. वसंतात कॉटनवूडचा, म्हणजे नदीकाठच्या एका झाडाच्या बियांचा, कापूस उडायला लागला, तेव्हा शिक्षिकेने मुलांना काही बिया कोरड्या गोट्यांवर आणि काही काठच्या ओल्या चिखलावर ठेवायला सांगितल्या. पुढच्या आठवड्यात चिखलात दोन-दोन पानांची इवली रोपं होती, गोट्यांवर काहीच नव्हतं. तिथून गोष्ट धरणांवर गेली. १९११ साली याच नदीवर वरच्या अंगाला रूझवेल्ट धरण पुरं झालं, पाणी अडलं, वसंतातले पूर आटले. हे बी काही आठवड्यांतच निकामी होतं, त्याला वेळेवर ओला गाळ हवा. म्हणून इथली बरीचशी झाडं माणसांनी लावून विहिरींच्या पाण्यावर जगवलीत. हे मुलगी मला घरी येऊन समजावत होती.

अडचणी आहेतच. डिसेंबरमध्ये साडेपाचच्या आधीच सूर्य मावळतो, त्यामुळे उजेडाचा निम्मा वेळ जाण्या-येण्यातच जातो. अगदी लहान मुलांना ऊनही सोसत नाही. प्रत्येक घराचं गणित वेगळं असणार, पण मला विचाराल तर पानगळीच्या, म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबरच्या सत्रात शाळेतला वर्ग चालेल, जानेवारी ते एप्रिल मात्र शक्यतो नदीच घ्या.

नाव नोंदवण्याआधी विचारून घ्या, की मुलं दर वेळी त्याच पट्ट्यात जातात का. जागा सारखी बदलत असेल, तर एवढी धावपळ करण्यापेक्षा शाळेतला वर्गच बरा.