जुनी डिस्क वाढवावी की नवी जोडावी?

नागपूरच्या कळमना बाजारात मृग बहाराची संत्री उतरत होती आणि ऐन गर्दीत एका अडत्याकडचं बिलिंग बंद पडलं. व्हर्च्युअल मशीनची (खऱ्या संगणकात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाची) 100 जीबीची डिस्क काठोकाठ भरली होती. "भाऊ, नवी डिस्क विकत आणू का?" मालकांनी विचारलं. गरज नव्हती. खालच्या खऱ्या संगणकातल्या 1 टीबीच्या एसएसडीवर निम्मी जागा मोकळी होती. ती मशीनला द्यायची कशी, एवढंच ठरवायचं होतं: आहे तीच डिस्क मोठी करायची, की दुसरी व्हर्च्युअल डिस्क जोडायची.

डिस्क मोठी करणं सगळ्यात झटपट. प्रॉक्समॉक्समध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) हार्डवेअरच्या पानावर डिस्क निवडून रिसाइझमध्ये 50 जीबी भरलं की झालं, मशीन बंद करावं लागत नाही. पण इथे बरेच जण फसतात. मशीनला मोठी डिस्क दिसते, फाइल सिस्टम (डिस्कवर फाइली मांडायची व्यवस्था) मात्र 100 जीबीवरच अडलेली असते. लिनक्समध्ये आधी ग्रोपार्ट या कमांडने पार्टिशन (डिस्कचा कप्पा) वाढवायचं, एलव्हीएम (पार्टिशनांवर लवचीक व्हॉल्यूम बनवणारी व्यवस्था) असेल तर पीव्हीरिसाइझ आणि एलव्हीएक्स्टेंड या कमांड, आणि शेवटी फाइल सिस्टम ताणायची. वाढवायच्या पार्टिशनच्या लगेच पुढे दुसरं पार्टिशन असेल तर गाडी तिथेच अडते. लिनक्समध्ये हा अडथळा बहुधा स्वॅपचा (मेमरी कमी पडली की वापरायच्या जागेचा) असतो, विंडोजमध्ये दुरुस्तीसाठी राखलेल्या रिकव्हरी पार्टिशनचा. धरमपेठेतल्या एका सीए ऑफिसात 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' हा पर्याय करडाच राहिला तो याच कारणाने. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हच्या उजवीकडे छोटासा रिकव्हरीचा तुकडा आणि त्याच्या पलीकडे नवी जागा, असं चित्र दिसत होतं. तो तुकडा हलवण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली.

शिवाय हा रस्ता एकेरी आहे. लिनक्सची एक्सएफएस ही फाइल सिस्टम वाढते, पण लहान करता येत नाही. ईएक्सटी4 ही दुसरी लहान होते, पण त्यासाठी ती अनमाउंट (चालू सिस्टमपासून सुटी) करावी लागते. व्हीएमवेअर या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपलेली स्थिती) असताना डिस्क वाढवताच येत नाही. एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीची डिस्क असेल तर 2 टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही.

नवी डिस्क जोडायला वेळ जास्त लागतो. फॉरमॅट करा, डेटाबेस थांबवा, फाइली हलवा, माउंट करा. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची याच्या यादीत) डिस्कचं नाव न लिहिता यूयूआयडी (फाइल सिस्टमचा ओळखक्रमांक) लिहा, कारण एसडीबीची उद्या एसडीसी होऊ शकते. जोडीला नोफेल हा पर्याय लिहा, म्हणजे डिस्क सापडली नाही तरी मशीन सुरू होईल. एवढं केलं की डेटा ऑपरेटिंग सिस्टमपासून सुटा होतो. लॉग (नोंदींच्या फाइली) फुगून रूट (ऑपरेटिंग सिस्टमचा मुख्य कप्पा) भरला तरी बिलांची जागा शाबूत राहते, डिस्क दुसऱ्या मशीनला लावता येते, आणि पुढच्या वेळी ती वाढवताना पार्टिशनची भानगड येत नाही. मी तर पार्टिशन न पाडता सगळ्या डिस्कवर थेट फाइल सिस्टम घालतो.

एलव्हीएमच्या व्हीजीएक्स्टेंड कमांडने नवी डिस्क जुन्याच व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (जागेच्या सामायिक साठ्यात) मिसळून एकच लांब व्हॉल्यूम करण्याचाही पर्याय आहे. मी तो टाळतो. व्हॉल्यूम दोन डिस्कवर पसरला की त्यातली कुठलीही एक बिघडली तरी सगळंच जातं.

कुठलाही मार्ग घेतला तरी खालचा साठा तपासाच. थिन डिस्क (लिहिलं जाईल तेवढीच खरी जागा घेणाऱ्या) असतील तर 1 टीबीवर 300 जीबीची पाच मशीनं खुशाल उभी राहतात. कागदावर 1,500 जीबी वाटले जातात, आणि खरा साठा संपला की त्यावरच्या सगळ्याच मशीनचं लिहिणं अडतं. मशीनच्या आत फाइली पुसल्या तरी डिस्कार्ड (मोकळी झालेली जागा खाली कळवायची सोय) चालू करून एफएसट्रिम ही कमांड फिरवल्याशिवाय ती जागा खाली परत मिळत नाही.

माझं मत सांगतो. धंदा खोळंबलाय, आकडा लहान आहे, रूट पार्टिशन शेवटचं आहे, तर बॅकअप घेऊन डिस्क वाढवा. डेटा दर हंगामाला फुगणारा असेल, तर वेगळी डिस्क द्या. कळमन्यात त्या दिवशी 50 जीबी वाढवून बिलं सुरू केली. बाजार बंद असलेल्या दिवशी परत जाऊन 200 जीबीची वेगळी डिस्क लावली आणि डेटाबेस तिच्यावर हलवला. जुनी प्रत आठवडाभर तशीच ठेवली, आणि रोजची बिलं बरोबर निघताहेत अशी खात्री झाल्यावरच पुसली.