नाडी फुकट, भस्म ग्रॅमवर

घोडबंदर रोडची सोसायटी असो की नेरूळची, लिफ्टजवळचा कागद एकाच साच्यातला असतो: रविवारी क्लब हाऊसमध्ये मोफत नाडी परीक्षा, हिमालयातले वैद्य, मधुमेह मुळापासून बरा. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४च्या कायद्याने बंदी आहे. म्हणजे पहिला पुरावा त्यांनीच भिंतीवर चिकटवलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

शिबिर भरतं अकरा-साडेअकराला, लोक नाश्ता करून येतात तेव्हा. नाडी पाहायची ती सकाळी, उपाशीपोटी. नुकतं जेवण, आंघोळ, तेल लावणं, जिने चढणं झालं असेल तर ती भरवशाची नाही, हे शास्त्रच सांगतं. तर्जनीखाली वात, मधल्या बोटाखाली पित्त, अनामिकेखाली कफ. त्यातही नाडी ही आठांपैकी एक परीक्षा. मल, मूत्र, जीभ, आवाज, स्पर्श, डोळे, अंगकाठी हे बाकीचं कोण बघणार? जाणकार वैद्य भूक, झोप, पोट साफ होणं यावरच दहा मिनिटं विचारत बसतो. शिबिरातला मनगट धरतो आणि अर्ध्या मिनिटात म्हणतो, 'गुडघ्यातलं वंगण संपलंय.' पन्नाशीपुढच्या किती जणांना हे लागू पडणार नाही? शिवाय नोंदणीच्या टेबलावर वय, तक्रारी, चालू गोळ्या लिहून घेतलेल्या असतात. तो फॉर्म त्याच्या पुढ्यातच असतो.

काही ठिकाणी मुठीत धातूची दांडी धरायला देऊन लॅपटॉपवरून पंचवीस-तीस पानी रिपोर्ट काढतात. त्याच माणसाचं वय वीस वर्षांनी बदलून पुन्हा दांडी धरायला सांगा. रिपोर्ट बदलला तर तो दांडीचा नव्हे, टाइप केलेल्या वयाचा. बहुधा तुम्हाला दुसऱ्यांदा धरूच देत नाहीत.

खरी लूट बिलात आहे. 'भस्म', म्हणजे धातू-खनिजं भाजून केलेली औषधी पूड, 'सहाशे रुपये' असं तोंडी सांगतात. तुम्ही हो म्हणताच खल पुढे ओढून चार-पाच चूर्णांत ते घोटलं जातं, आणि मग कळतं की सहाशे हा एका ग्रॅमचा भाव. पुड्यांत चाळीस ग्रॅम पडलं, चोवीस हजार द्या. मिसळलेलं परत घेत नाहीत, म्हणून तर घोटायची घाई. आता हिशेब बघा: अभ्रक भस्माची मात्रा साधारण १२५ मिलिग्रॅम. दोन वेळा घेतलं तरी महिन्याला साडेसात ग्रॅम. चाळीस ग्रॅम पोटात कुठे जाणार? खल हलण्याआधी नाव, भाव, वजन आणि एकूण रक्कम कागदावर मागा. बहुतेकदा सौदा तिथेच मोडतो.

पुडी बांधून दिली म्हणून कोणी ठग ठरत नाही. वैद्य आपल्या रुग्णासाठी औषध बनवू शकतो. पण चिठ्ठीवर घटक, मात्रा, सही आणि वैद्यांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या परिषदेचा क्रमांक हवा. डबीबंद औषधावर परवाना क्रमांक, बॅच आणि बनवल्याची तारीख हवी.

सांधेदुखी दोनच दिवसांत गायब झाली, भूक वाढली, पुढे चेहरा सुजला आणि साखर चढली तर पुडीत स्टिरॉइड असण्याची शंका घ्या. आठवडे घेतलेली अशी पूड एकदम सोडू नका, ते धोक्याचं आहे. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते मात्रा उतरवून बंद करतील. मधुमेहाच्या गोळ्या मात्र शिबिराच्या सांगण्यावरून थांबवू नका.

न उघडलेल्या दोन पुड्या, ऑनलाइन पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आणि लिफ्टजवळच्या कागदाचा फोटो सांभाळा. औषधाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे, पैशांची ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा जिल्हा ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वाशी-नेरूळ ठाणे जिल्ह्यात, खारघर-कामोठे रायगडमध्ये. अर्ज राहत्या जिल्ह्यात चालतो.