डिफेनेस्ट्रेट की ॲब्स्क्वाट्युलेट?

पणजीतल्या आमच्या क्विझवेड्या मंडळींत या दोन दुर्मीळ इंग्रजी क्रियापदांपैकी सरस कोणतं, यावरून वाद रंगतो. ‘ॲब्स्क्वाट्युलेट’ म्हणजे गुपचूप पोबारा करणं. 19व्या शतकात अमेरिकेत थट्टेखातर लॅटिनच्या थाटात घडवलेलं. उच्चारायला मजा, बाकी ठणठणपाळ.

‘डिफेनेस्ट्रेट’ म्हणजे खिडकीतून बाहेर फेकणं. लॅटिनमध्ये ‘फेनेस्ट्रा’ म्हणजे खिडकी. 1618 साली प्रागच्या किल्ल्यातून दोन कारभारी आणि त्यांचा चिटणीस असे फेकले गेले. तिघेही वाचले! 1640 मध्ये लिस्बनला स्पेनधार्जिण्या मंत्री व्हास्कोन्सेलुशला मात्र आधी ठार केलं, मग राजवाड्याच्या खिडकीतून भिरकावलं. पोर्तुगीजांची रोजची खिडकी मात्र ‘जानेला’. आपल्याकडचं ‘जनेल’ तिथलंच. माझं मत अर्थात डिफेनेस्ट्रेटला. पळ काढण्यासाठी मराठीत शब्दांची काय कमी?