गाड्यांच्या लोकेशन डेटावरून रूट आखणं: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माल पोहोचवणाऱ्या १४ गाड्यांच्या रोजच्या फेऱ्या आखणं हे माझं काम. नऊ महिन्यांपूर्वी प्रत्येक गाडीत ट्रॅकर बसवला तेव्हा डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: नकाशावर हलणारे १४ ठिपके, आणि कुठे कोंडी दिसली की फोन करून गाडी दुसऱ्या रस्त्याने वळवायची. पहिले दोन आठवडे मी ते ठिपके दिवसभर बघत बसले. त्यामुळे एकही फेरी लवकर संपली नाही. ठिपका मंदावतो तोच मुळी गाडी कोंडीत शिरल्यावर, आणि तोवर मागे फिरायला जागा उरलेली नसते. या डेटाचा खरा उपयोग आहे तो साठत गेलेल्या जुन्या नोंदींचा. आणि त्या नोंदींवर विसंबता येईल इतक्या त्या स्वच्छ करायला मला जवळजवळ चार महिने लागले. हे काम सुरू करणाऱ्यांनी तेवढा वेळ हाताशी धरावाच.

सुरुवात नोंदींच्या अंतरापासून. आमचे ट्रॅकर दर ३० सेकंदांनी जागा कळवायचे. ऐकायला पुरेसं वाटतं, पण ताशी ३६ किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला १० मीटर जाते, म्हणजे दोन नोंदींत ३०० मीटर. तेवढ्यात दोन चौक मागे पडतात. गाडी कुठल्या गल्लीतून आली, सिग्नलला थांबली की नाही, काही कळत नाही. संशोधनासाठी खुला असलेला बीजिंगच्या १०,३५७ टॅक्सींचा २००८ मधला एक आठवड्याचा डेटा आहे, त्यात तर दोन नोंदींमध्ये सरासरी १७७ सेकंद जातात. तरीही त्यावरून शहराची वाहतूक कळते, कारण गाड्या दहा हजार आहेत. एकीने सोडलेली जागा दुसरी भरून काढते. १४ गाड्यांना ते शक्य नाही. आम्ही १० सेकंदांवर आलो आणि दिशा बदलली की लगेच एक जादा नोंद, अशी सेटिंग केली. वळणावरची ही जादा नोंद सगळ्यात मोलाची ठरली. दर सेकंदाची नोंदही एका गाडीवर महिनाभर करून पाहिली. डेटा दहापट झाला, रूट आखायला त्यातून नवीन काही मिळालं नाही.

मोकळ्या आकाशाखाली साधा जीपीएस पाच मीटरच्या आसपास बरोबर असतो. उंच इमारतींच्या मधल्या रस्त्यांवर मात्र सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि गाडी शेजारच्या रस्त्यावर दिसते. उभ्या गाडीचं तर वेगळंच. ठिपका जागेवर राहत नाही, आजूबाजूला भरकटत राहतो. दुपारी दीड तास बंद असलेली एक गाडी आमच्या रिपोर्टमध्ये ९०० मीटर चालली होती! इंजिन बंद असेल तर अंतर मोजायचंच नाही, हा नियम घातल्यावर तो प्रकार थांबला.

फेरीची सुरुवात गायब होण्याचा त्रास जास्त चिवट होता. रिपोर्टमध्ये गाडी गोदामातून निघायचीच नाही, एकदम दोन चौक पुढे उगवायची. कारण सापडलं वायरिंगमध्ये. ट्रॅकरला वीज इग्निशनच्या तारेवरून दिली होती, म्हणजे चावी फिरवली की तो जागा होणार. जागा झाल्यावर त्याला प्रत्येक उपग्रहाकडून त्याच्या कक्षेची ताजी माहिती घ्यावी लागते. सिग्नल सलग मिळाला तरी ती यायला ३० सेकंदांपर्यंत लागतात, मध्येच तुटला तर आणखी वेळ जातो. तोवर गाडी निघून गेलेली असते. तार थेट बॅटरीवर घेतली आणि इग्निशनची तार फक्त चालू-बंद कळण्यापुरती ठेवली. हे काम बसवणाऱ्याकडून पहिल्याच दिवशी करून घ्यावं. आम्ही १४ गाड्यांचे डॅशबोर्ड दुसऱ्यांदा उघडले.

आकड्यांच्या एककांकडेही बारकाईने बघावं लागतं. जीपीएसकडून येणाऱ्या मूळ नोंदीच्या ओळीत वेग नॉटमध्ये येतो आणि वेळ जागतिक प्रमाणवेळेत. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. आमच्या तीन गाड्या वेगळ्या बनावटीच्या होत्या. त्यांचा वेग बाकीच्यांच्या जवळपास निम्मा दिसायचा, आणि मी दोन आठवडे त्या ड्रायव्हरना हळू चालवणारे समजत होते. चूक रूपांतर न करणाऱ्या प्रोग्रॅमची होती. मी तिघांनाही बोलावून तसं सांगितलं.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पहिल्या महिन्यात मी कोंडीचा नकाशा काढला, त्यात एक अगदी शांत गल्ली रोज सकाळी लालभडक दिसायची. जाऊन पाहिलं तर तिथे आमचीच गाडी माल उतरवायला थांबत होती. २०२० मध्ये बर्लिनला सायमन वेकर्ट या कलाकाराने ९९ फोन एका हातगाडीत घातले आणि ती ओढत मोकळ्या रस्त्याने नेली. गूगल मॅप्सवर तो रस्ता लाल झाला. यंत्राला एवढंच दिसतं की काही ठिपके हळू सरकताहेत. ते का हळू आहेत, हे माणसाने सांगावं लागतं. आम्ही मग प्रत्येक थांबा तपासला: जवळ डिलिव्हरीचा पत्ता आहे का, इंजिन बंद केलं होतं का, चौक किती लांब आहे. माल उतरवण्याचा वेळ रस्त्याच्या वेळेतून काढला आणि वेगळ्या रकान्यात ठेवला. त्या रकान्याकडे पुढे येतेच.

नोंदी रस्त्यावर नीट बसवणं, ज्याला मॅप मॅचिंग म्हणतात, ते स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नका. मीही आधी प्रत्येक ठिपका जवळच्या रस्त्यावर चिकटवत होते. उड्डाणपूल आला की सगळं फसायचं. वरून सुसाट गेलेली गाडी आणि खालून तीन सिग्नल खात गेलेली गाडी नकाशावर एकाच रेषेवर येतात. उंचीच्या आकड्यावर विसंबता येत नाही, कारण जीपीएसमध्ये उंची आडव्या जागेपेक्षा जास्त चुकते. दोघींचे वेग एकत्र झाले आणि वर किंवा खाली कुठेच नसलेला एक मधलाच वेग तयार झाला. त्यावर पॉल न्यूसन आणि जॉन क्रम या संशोधकांनी २००९ मध्ये मांडलेली पद्धत कामी येते. ती एकेकटा ठिपका बघत नाही, पूर्ण माग बघते. आधीच्या ठिपक्यापासून या ठिपक्यापर्यंत खऱ्या रस्त्याने जाता येतं का, त्याचं अंतर सरळ रेषेतल्या अंतराशी जुळतं का, हे तपासून सगळ्यात संभवनीय वाट निवडते. पुलावर चढायचा उतार घेतला नसेल तर गाडी वर असूच शकत नाही, हे तिला आपोआप कळतं. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर चालणाऱ्या ओएसआरएम या खुल्या प्रोग्रॅममध्ये ही सोय तयार मिळते. नकाशात एखादा रस्ता एकेरी नसताना एकेरी दाखवला असेल तर निकाल चुकतो, पण ती चूक आपल्याला स्वतः नकाशात दुरुस्त करता येते. आम्ही अशा बऱ्याच दुरुस्त्या केल्या आणि त्या सगळ्यांच्याच उपयोगी पडल्या, याचं मला मनापासून समाधान आहे.

सरासरीने मला बराच काळ चकवलं. रस्त्याचे सारख्या लांबीचे दोन तुकडे आहेत, १० किलोमीटर ताशी २० च्या वेगाने आणि १० किलोमीटर ताशी ६० च्या. सरासरी ४० वाटते, पण पहिल्याला ३० मिनिटं लागतात आणि दुसऱ्याला १०, म्हणजे २० किलोमीटरला ४० मिनिटं. खरा वेग ताशी ३०. वेगांची सरासरी काढली की रस्ता नेहमी आहे त्यापेक्षा मोकळा दिसतो, आणि त्यावर आखलेली प्रत्येक फेरी उशिरा संपते. म्हणून वेग बाजूला ठेवावा आणि प्रत्येक तुकड्याला लागलेला वेळ मोजावा.

वेळेचीही नुसती सरासरी पुरत नाही. आमच्याकडे दोन रस्ते आहेत, सरासरीने एक १८ मिनिटांचा, दुसरा २१ चा. मी कायम पहिला देत होते. नोंदी लहानापासून मोठ्यापर्यंत लावून पाहिल्या तर पहिला कधी १२ मिनिटं घेत होता, तर कधी ३५. दुसरा जवळजवळ रोज २० ते २३. ज्या ग्राहकाला वेळ दिलेली असते त्याच्यासाठी दुसराच रस्ता बरा. आता १०० फेऱ्या ओळीने लावल्या तर ८५ व्या फेरीला जो वेळ लागला असेल, तो धरून मी आखणी करते. ‘अजून किती वेळ?’ असे फोन तेव्हापासून बरेच कमी झाले.

आता तो वेगळा रकाना. माल उतरवण्याचा वेळ बाजूला काढल्यावर दिसलं की फेरीतला निम्म्याहून जास्त वेळ गाडी उभीच असते. आम्ही प्रत्येक ठिकाणी सरसकट ६ मिनिटं धरत आलो होतो. काही ठिकाणी खरोखर ३ लागत होती, काही ठिकाणी २२. रस्त्यावर चार मिनिटं वाचवायला मी महिनोनमहिने झटत होते, आणि ती एकेका फाटकावर खर्ची पडत होती. वाहतुकीचं विश्लेषण करायला घेतलेल्या डेटाने सगळ्यात मोठी गोष्ट सांगितली ती रस्त्याबाहेरची. प्रत्येक पत्त्याचा स्वतःचा थांब्याचा वेळ भरल्यावर फेऱ्यांचं गणित पहिल्यांदा जुळायला लागलं.

गाडीने कुठल्या ठिकाणी आधी जायचं आणि कुठे नंतर, तो क्रम लावण्यासाठी आम्ही व्हरूम हा खुला प्रोग्रॅम वापरतो. १५ ठिकाणांचे क्रम १ लाख ३० हजार कोटींहून जास्त प्रकारे लावता येतात, त्यामुळे एकेक तपासणं शक्य नाही. असे प्रोग्रॅम युक्तीने चांगला क्रम शोधतात. १९५९ मध्ये डॅन्ट्झिग आणि रॅम्सर या संशोधकांनी पेट्रोल पोहोचवणाऱ्या ट्रकांसाठी हा प्रश्न मांडला, तेव्हापासून त्यावर काम चालू आहे. प्रोग्रॅमबद्दल माझी तक्रार नाही. त्याला जे सांगितलं ते तो चोख करतो. न सांगितलेलं त्याला ठाऊक नसतं, आणि ते सगळं ड्रायव्हरकडे असतं.

आमच्याकडचे सगळ्यात जुने ड्रायव्हर काका एका मोठ्या संकुलाच्या बाबतीत रोज क्रम मोडायचे. रिपोर्टमध्ये त्यांच्या नावापुढे रोज लाल खूण. शेवटी मी त्यांचा माग पडद्यावर उघडला आणि त्यांना शेजारी बसवलं. त्यांनी चष्मा लावला, संकुलाच्या मागच्या बाजूला बोट ठेवलं. ‘‘ताई, तुमची खूण पुढच्या गेटावर आहे. तिथून मालाची गाडी आत सोडत नाहीत. मालाचं गेट हे, मागे. ते नऊनंतर उघडतं. म्हणून मी आधी पुढची दोन ठिकाणं उरकतो आणि मग इकडे येतो.’’ मी जुने दिवस काढून पाहिले. इतर ड्रायव्हर सांगितलेल्या क्रमाने गेले होते, त्यांच्या नावापुढे लाल खूण नव्हती, आणि पुढच्या गेटाशी त्यांची २० ते २५ मिनिटं गेली होती. काकांची ७. दोन्ही गोष्टी महिनोनमहिने माझ्याच नोंदींमध्ये होत्या. त्या आठवड्यापासून लाल खूण काढून टाकली. क्रम मोडलेला दिसला की आता फोन करून कारण विचारते आणि ते त्या पत्त्याच्या नोंदीत लिहून ठेवते: कुठलं गेट, किती वाजता, गाडी कुठे लावायची.

उठताना काकांनी विचारलं, ‘‘रविवारी मी गाडी घरीच ठेवतो, तेही दिसतं का यात?’’ दिसत होतं. कुणाचं घर कुठे, सुट्टीच्या दिवशी कुठे गेले, कुठल्या दवाखान्याबाहेर दोन तास थांबले, सगळं. नाव काढून टाकलं की झालं, असं मानू नये. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या मोबाइलच्या नोंदी तपासल्या होत्या. वेळ आणि जागेच्या फक्त चार नोंदींवरून त्यातली ९५ टक्के माणसं वेगळी ओळखता आली. न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या फेऱ्यांचा डेटा २०१४ मध्ये उघड झाला तेव्हा गाड्यांचे क्रमांक सांकेतिक केलेले होते. पण असे क्रमांक मुळात मोजकेच, त्यामुळे शक्य तो प्रत्येक क्रमांक सांकेतिक करून जुळवून पाहता आला आणि तेही लगेच उलगडले.

आम्ही ठरवलं की ड्रायव्हरची कामाची पाळी संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतची नोंद ठेवायची नाही, आणि कामाच्या वेळेतल्याही मूळ नोंदी ९० दिवसांनी पुसायच्या. रस्त्याच्या तुकड्यांचे आणि थांब्यांचे वेळ तेवढे राहतात, त्यांना गाडीचा क्रमांक जोडलेला नसतो. आखणीला त्यापेक्षा जास्त काही लागत नाही. अडचण एवढीच की आमच्या ट्रॅकरमध्ये ठरावीक वेळी नोंद थांबवायची सोय नाही. ते रात्रभर पाठवत राहतात आणि आम्ही सर्व्हरवर आल्या आल्या पुसतो. पुढच्या खेपेला यंत्रं घेताना पहिला प्रश्न हाच विचारणार आहे, तुम्हीही विचारा.