ऑप्शनचं अ‍ॅप सात महिने वापरलं: स्क्रीनवरचा हिरवा आकडा धरून चालू नका

अ‍ॅपचं नाव लिहीत नाही, कारण मेहुण्याकडच्या दुसऱ्या अ‍ॅपमध्येही हीच अडचण आहे. मे ते नोव्हेंबर २०२५ या काळात निफ्टीचे (शेअर बाजाराच्या निर्देशांकाचे) ऑप्शन घेतले-विकले. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या मुदतीला ठरलेल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क. अंबडला दुसरी पाळी असली की सकाळ मोकळी मिळते. केवायसी, चार्ट, पैसे काढणं, सगळं व्यवस्थित चालतं. माझं भांडण आहे ते पोझिशनच्या स्क्रीनवरच्या नफ्याच्या आकड्याशी.

एकच सौदा सांगतो. कॉल (म्हणजे घेण्याचा हक्क) ६० रुपयांना घेतला, ६१ ला विकला. लॉट (एका सौद्यातली ठरलेली संख्या) तेव्हा ७५ चा, म्हणून स्क्रीनवर हिरवे ७५ रुपये. संध्याकाळी ईमेलवर कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे त्या दिवसाच्या सौद्यांचं बिल, आली (पासवर्ड म्हणजे आपला पॅन). ब्रोकरेज (दलाली) घेताना २०, विकताना २०. एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) ५. एक्सचेंजचे ३ रुपये १८ पैसे. ब्रोकरेज आणि एक्सचेंजच्या रकमेवर १८ टक्क्यांनी जीएसटी पावणेआठ रुपये, शिवाय स्टॅम्प ड्यूटीचे काही पैसे. झाले ५६. हातात उरले १९!

कस्टमर केअरला फोन केला. "सर, चार्जेस कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये दिलेले असतात." अहो, दिलेले असतात हे मलाही दिसतंय. पण सौदा बंद झाला त्या क्षणी अ‍ॅपला हा हिशेब करता येतो, मग तो तिथेच का दाखवत नाही? वाणीसुद्धा बेरीज करूनच बिल हातात देतो.

इथपर्यंत गेल्या आठवड्यात लिहून ठेवलं होतं. रविवारी सगळ्या नोटा उघडून वहीत मांडल्या आणि मत थोडं बदललं. १९० सौदे. किमतीतला तोटा ६,२१० रुपये, खर्च ११,०४०. म्हणजे गेलेल्या १७,२५० रुपयांत खर्चच जास्त. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले होते, आणि २०२३-२४ मध्ये माणशी सरासरी २६,००० रुपये नुसत्या व्यवहारखर्चात गेले होते. हे आधी वाचलं होतं, पण आपल्या वहीत उतरल्यावरच ते पटलं. आकडा लपवला अ‍ॅपने, पण १९० वेळा बटण मी दाबलं.

किमतीतल्या तोट्याचा मोठा भाग एकाच सौद्याचा. जुलैत शुक्रवारी ९२ ला घेतलेला कॉल बुधवारी ३८ वर आला, आणि निफ्टी जवळपास होता तिथेच. हे कोडं मला पिंपळगावच्या मामांनी सोडवून दिलं. द्राक्षाचा व्यापारी बागेला इसार देतो. भाव पडला तर इसार सोडून निघून जातो. ऑप्शन घेणाऱ्याचंही तसंच, जास्तीत जास्त प्रीमियम (ऑप्शन घेताना दिलेली किंमत) जातो. पण इसार पुढे किमतीत वळता होतो, प्रीमियम होत नाही. मामांनी लगेच विचारलं, "मुदत किती दिवसांची?" मी म्हटलं, गुरुवारपर्यंत. (सप्टेंबर २०२५ पासून ती मंगळवारी असते.) "मग रोज एक दिवस कमी होतोय, त्याचे पैसे तूच देतोयस की!" टाइम डिके म्हणजे हेच. अ‍ॅपमधले तीन व्हिडिओ बघूनही एवढं स्पष्ट झालं नव्हतं.

पाचपैकी दोन तारे. कॉन्ट्रॅक्ट नोट रोज न चुकता येते, त्यातलाच एक तारा तिचा. खर्च वजा करून आकडा दाखवा म्हणून तिसरी तक्रार टाकली आहे; "संबंधित टीमकडे पाठवली" एवढंच उत्तर आलं. तोवर ऑर्डर टाकण्याआधी वहीत ५६ लिहून ठेवतो, आणि रुपयाभराच्या वाढीसाठी विकायला जात नाही.