आवड ओळखायचा पत्त्यांचा खेळ: घेण्यासारखा आहे पण एक नियम काढून टाका

दोन महिने झाले हा खेळ घरात आहे आणि जवळजवळ रोज खेळला जातो त्यामुळे आता लिहितेच. टेबलावर पाच चित्रं मांडायची, एकाने त्यातलं स्वतःला सगळ्यात आवडणारं मनात धरायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. पत्ते जाड आहेत, मुडपत नाहीत.

सुरुवातीला माझी चार वर्षांची मुलगी माझ्यासाठी दरवेळी फुगाच ओळखायची, कारण फुगा तिला आवडतो, आणि मी छत्री दाखवली की हिरमुसायची. मला वाटलं हिला अजून दुसऱ्याची आवड कळतच नाही. पण तसं नसतं! १९९७ साली रेपाकोली आणि गॉपनिक या मानसशास्त्रज्ञांनी अगदी लहान मुलांवर एक प्रयोग केला होता, त्यात एक बाई मुलांसमोर ब्रोकोली खाऊन खूश व्हायची आणि क्रॅकर (खारट बिस्किटं) खाऊन तोंड वाकडं करायची, मग हात पुढे करून खाऊ मागायची. १४ महिन्यांच्या मुलांनी बहुतेक वेळा आपल्याला आवडणारे क्रॅकरच दिले, १८ महिन्यांच्यांनी मात्र ब्रोकोली दिली. म्हणजे कळतं, फक्त त्यांना आधी काहीतरी बघायला मिळालं होतं, आणि या खेळात मुलांना बघायला काहीच मिळत नाही, नुसता अंदाज, मग मूल स्वतःचीच आवड सांगणार ना.

म्हणून आम्ही थोडा बदल केला. डब्यात ढीगभर निळी बटणं आणि मोजकीच लाल, आणि मी न बोलता लागोपाठ पाच लाल उचलली. लगेच म्हणाली, "आईला लाल आवडतात!" दुसऱ्या दिवशी डबाभर लालच ठेवली आणि पाच उचलली, तर नुसते खांदे उडवले. कुशनीर, शू आणि वेलमन यांचा २०१० चा अभ्यास नेमका यावरच आहे, कमी असलेली वस्तू कोणी पुन्हा पुन्हा उचलली की मुलं ती त्याची आवड समजतात. हे असं काहीतरी कंपनीने खेळातच द्यायला हवं होतं.

आता खरी तक्रार. दोघांची आवड जुळली की दोघांना 'पक्के दोस्त' म्हणून जादा गुण मिळतात. हा नियम मला अजिबात पटला नाही, कारण मुलांचा कल तसाही आपल्यासारखी आवड असणाऱ्यांकडे असतो. २०१३ साली हॅमलिन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात ९ आणि १४ महिन्यांच्या बाळांनी, आपल्यापेक्षा वेगळी आवड असलेल्या बाहुलीला त्रास देणारं पात्र तिला मदत करणाऱ्यापेक्षा जास्त पसंत केलं होतं, वाचून पोटात कालवलं माझ्या. आमच्याकडेही भाचा खेळायला आला तेव्हा मुलीने मुद्दाम त्याला आवडणारंच चित्र धरलं, स्वतःला न आवडणारं, फक्त गुणांसाठी. मग तो नियमच काढला, आता वेगळी आवड बरोबर ओळखली की दुप्पट गुण.

परवा खेळणी वाटताना तिने भाच्याला गाडी न देता ठोकळे दिले, म्हणाली "त्याने मघाशी गाडी बाजूला सरकवली होती." एवढ्यासाठी मी पाचपैकी चार देईन. पाकिटावर दोन वर्षांपासून लिहिलंय पण चारच्या आधी नका घेऊ, लहान मुलांना मनात धरून ठेवणं जमत नाही आणि मग रडारड होते.